श्रीगुरू हैबतबाबा आरफळकर : मान वाटून देणारा सरदार

॥ राम कृष्ण हरि ॥

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली, म्हणून हे पुस्तक निघतंय. यात दिंडीच्या जुन्या विणेकऱ्यांबद्दल, अन्नदात्यांबद्दल, मृदंगवाल्यांबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. माझ्याकडे मंडळींनी काम दिलं ते श्रीगुरू हैबतबाबांचं चरित्र लिहायचं. मी काही लेखक नव्हे, टाळकरी. पण ज्यांनी घालून दिलेल्या वाटेवर आपण शंभर वर्षं चाललो, त्यांच्याबद्दल चार शब्द आपल्या पुस्तकात नसावेत हे बरं दिसत नाही. म्हणून ऐकलेलं, वाचलेलं आणि वाटेवर डोळ्यांनी पाहिलेलं मांडतो. चुकलंमाकलं माउलींनी पदरात घ्यावं.

हैबतबाबा मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळ गावचे. पवार घराणं, मराठा सरदारकी. पुढे गावावरून आरफळकर म्हणून ओळखले गेले. तरुणपणी ते उत्तरेकडे गेले आणि ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या पदरी राहिले. त्या काळी सरदार म्हणजे नुसता तलवारबहाद्दर नव्हे. हाताखाली माणसं, घोडी, तंबू, दाणावैरण, सगळा लवाजमा. मुक्काम कुठं पडणार, पाणी कुठं आहे, पुढं कोण चालणार, मागं कोण राखण करणार, हे त्याला झोपेतसुद्धा ठाऊक असावं लागे. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण ही विद्या बाबांनी पुढे कशी वापरली तेच या चरित्राचं सार आहे.

चाकरी करून, पैसाअडका गाठीला बांधून ते गावाकडे परत निघाले. संप्रदायात परंपरेनं सांगतात ती हकिकत अशी. सातपुड्याच्या डोंगरात भिल्लांनी त्यांना गाठलं, जवळचं सगळं घेतलं आणि सोबतच्या माणसांसह गुहेत कोंडलं. तोंडाशी धोंडा. सुटकेची आशा नाही. बाबांना माउलींच्या हरिपाठाचा नाद लहानपणापासून होता, असं म्हणतात. गुहेत दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं, तेव्हा त्यांनी हरिपाठ धरला तो सोडला नाही. दिवस गेले, रात्री गेल्या. एकविसाव्या दिवशी त्या भिल्ल नायकाच्या घरी मुलगा झाला. कोंडलेल्या माणसाच्या भजनाचाच हा गुण, असं नायकाच्या मनानं घेतलं. त्यानं धोंडा सारला, बाबांना बाहेर काढलं आणि लुटलेलं सगळं परत देऊन वाटेला लावलं.

ही गोष्ट खरी किती, भाविकांच्या प्रेमातली किती, याचा काथ्याकूट मी करत नाही. मला त्यातलं एक मात्र फार मोलाचं वाटतं. ज्या माणसाच्या एका हुकमावर घोडी धावायची, त्याला तिथं कुणावर हुकूम चालवता येत नव्हता. बळ गेलं, पैसा गेला, मान गेला. उरला तो फक्त विश्वास. आणि सुटका झाली ती त्याच विश्वासाच्या बळावर. गुहेत शिरला तो सरदार होता, बाहेर आला तो वारकरी.

बाबा आरफळला संसार मांडून बसले नाहीत. आळंदीला आले आणि माउलींच्या समाधीपाशी राहिले. रात्रीच्या वेळी देवापुढे उभं राहून जागर करायचा, हा त्यांचा नेम झाला. आजही समाधी मंदिरात हैबतबाबांच्या वतीनं जागराची सेवा चालते. मोठं काम करायला निघालेला माणूस आधी वर्षानुवर्षं नुसता उभा राहून भजन करतो, कुणाला काही सांगत नाही, कुणाकडे काही मागत नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. लोक आधी बघतात, मग मागं येतात.

आता त्या वेळी वारीची काय अवस्था होती ते सांगायला पाहिजे. पंढरीची वारी तर माउलींच्याही आधीपासूनची. पालखी नेण्याची चाल मात्र तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 साली सुरू केली. देहूहून तुकोबांच्या पादुका निघायच्या, आळंदीला येऊन माउलींच्या पादुका बरोबर घ्यायच्या आणि दोन्ही संत एका पालखीत पंढरीला जायचे. ज्ञानोबा-तुकाराम हे जोडभजन आपण दिवसभर म्हणतो, त्याच्या मागं हीच परंपरा आहे. ही रीत पुष्कळ वर्षं चालली. पुढे मान आणि वहिवाट यांवरून मतभेद झाले. कोणत्याही मोठ्या घरात होतात तसेच. त्यात 1818 साली पेशवाई बुडाली. देवस्थानांना ज्यांचा आधार होता ती घराणी स्वतःच डळमळीत झाली, आणि लांबच्या प्रवासाला निघणं म्हणजे जिवावरचं काम होतं.

अशा वेळी बाबांनी ठरवलं की माउलींची पालखी आळंदीहून स्वतंत्र न्यायची. 1832च्या सुमारास हा सोहळा आजच्या रूपात उभा राहिला असं मानतात. भांडण करून वेगळी चूल मांडली, असं हे नव्हतं. देहूची पालखी देहूहून, माउलींची आळंदीहून, आणि भजनात दोघांचं नाव एकत्रच राहिलं. वाट वेगळी झाली तरी मन वेगळं होऊ दिलं नाही, ही बाबांची पहिली मोठी गोष्ट.

पण पालखी न्यायची म्हणजे काय लागतं? घोडी लागतात, तंबू लागतो, रोजचा नैवेद्य लागतो, चालणारी माणसं लागतात, त्यांना धरून ठेवणारं भजन लागतं. बाबा सरदार होते. सगळं आपल्याच हाती ठेवून, माणसं पगारी नेमून, हुकमावर चालवलं असतं तर त्यांना जमलं नसतं असं नाही. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी एकेक काम एकेकाच्या ओंजळीत टाकलं.

बेळगाव भागातल्या अंकलीचे शितोळे सरकार हे मोठे सरदार. घोडे, तंबू आणि माउलींचा नैवेद्य ही सेवा त्यांच्याकडे गेली. आजही दरवर्षी अंकलीहून दोन अश्व पायी चालत आळंदीला येतात, तेव्हा प्रस्थान होतं. भजनाची बाजू वासकर, शेडगे यांच्यासारख्या जाणत्या फडकऱ्यांच्या साथीनं बसवली. शिस्त चोपदारांकडे दिली. प्रत्येक दिंडीचं खाणंपिणं, राहुटी, भिशी ज्या त्या दिंडीकडे ठेवलं. कुणी काय शिजवायचं, कुणाकडून किती शिधा घ्यायचा, यात सोहळ्यानं नाक खुपसायचं नाही. पण चालायला लागलं की ज्याची जागा त्यानं सोडायची नाही.

एकदा दिलेलं काम बाबांनी परत मागून घेतलं नाही. शितोळ्यांची सेवा शितोळ्यांकडे, फडकऱ्यांचा मान फडकऱ्यांकडे. जवळपास दोनशे वर्षं झाली, राज्यं बदलली, संस्थानं गेली, इंग्रज आले आणि गेले, तरी अंकलीचे घोडे यायचे थांबले नाहीत. कागदावर करार करून इतकी वर्षं कुणी चालत नाही. आपल्यावर टाकलेला विश्वास मोडायचा नाही, ही लाज माणसाला चालवते.

दुसरं काम त्यांनी केलं ते भजनाचं. वारकरी भजनी मालिका लावून देण्याचं श्रेय संप्रदाय हैबतबाबांना देतो. पहाटे काकडा, मग भूपाळ्या, चालताना वासुदेव, आंधळे, पांगुळ, गौळणी, ज्या त्या वाराचे अभंग, संध्याकाळी हरिपाठ. कोणत्या वेळी काय म्हणायचं याचा क्रम बांधला. नव्या माणसाला वाटतं, एवढं बांधून कशाला ठेवायचं, ज्याला जे आवडेल ते म्हणू दे. पण वाटेवर आल्यावर कळतं. आपली दिंडी चुकली आणि परक्या दिंडीत शिरलो, तरी तिथं जे चाललंय ते आपल्या तोंडी आधीच असतं. टाळ काढायचा आणि ओळीत उभं राहायचं. कुणी गाव विचारत नाही, जात विचारत नाही. क्रम सगळ्यांचा एक आहे, म्हणून परका माणूस परका राहत नाही. हजारो माणसं एकमेकांना न ओळखता एकमेकांवर विसंबून चालतात, त्याचं गमक या मालिकेत आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे चाल. लष्करात जशी तुकड्यांची जागा ठरलेली असते, तशी दिंड्यांची जागा ठरली. रथापुढच्या सत्तावीस दिंड्या आणि मागच्या दिंड्या, प्रत्येकीला तिचा क्रमांक. दिंडीत पुढं पताका, मग टाळकरी, मधे मृदंग, मागं विणेकरी, त्यामागं तुळस आणि पाण्याची घागर घेतलेल्या माउल्या. पहाटे कर्णा वाजला की आवरायचं, पुन्हा वाजला की निघायची तयारी, आणि शेवटच्या कर्ण्याला पालखी हलते. कुणासाठी थांबत नाही, कुणाला टाकूनही जात नाही. फौजेची शिस्त बाबांनी जशीच्या तशी आणली, फक्त तिच्यातली भीती काढून टाकली.

आणि आता घोड्यांची गोष्ट. सोहळ्यात दोन अश्व असतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसरा माउलींचा. त्याच्यावर कुणी बसत नाही. नव्या वारकऱ्यांनी रिंगणात हे जरूर बघावं. स्वाराचा घोडा पुढं पळतो आणि माउलींचा मोकळा घोडा त्याला गाठायला धावतो. लाखभर माणूस श्वास धरून उभं असतं आणि नंतर त्या मोकळ्या घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धाव घेतं. ज्या माणसानं आयुष्य घोड्यावर काढलं, त्याच्या सोहळ्यात सगळ्यात मानाचा घोडा रिकामा आहे. त्या पाठीवर बाबांना बसता आलं असतं. फडकऱ्यांतल्या कुणालाही बसवता आलं असतं. पण धनी एकच, तो दिसत नाही, आणि त्याची जागा कुणी घ्यायची नाही. पुढारी स्वतः त्या जागेवर बसला नाही म्हणूनच बाकीच्यांना आपापल्या जागी निर्धास्त उभं राहता आलं. आरफळकर घराण्याकडे आजही सोहळ्याच्या मालकीचा मान आहे, पण तिथं मालक या शब्दाचा अर्थ सेवेचा पहिला बांधील, एवढाच आहे.

सोहळ्यात तक्रार कशी ऐकतात तेही सांगतो, कारण एवढी माणसं एकत्र आली की रुसवेफुगवे आलेच. मुक्कामाला पालखी आली की समाज आरती होते. सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या राहतात, टाळमृदंगाचा नुसता कल्लोळ असतो. चोपदार हातातला दंड वर करतात, आरोळी देतात, आणि एका क्षणात सगळं शांत होतं. ज्या दिंडीला काही गाऱ्हाणं आहे, तिनं तेवढं टाळ वाजवत राहायचं. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो. कुणाचं काय हरवलं, कुणाला काय सापडलं, तेही पुकारतात. उद्याची निघायची वेळ सांगतात. मग आरती. गाऱ्हाणं मनात ठेवून कुणी झोपायला जात नाही.

आपल्या दिंडीनंही एकदा असे टाळ वाजवत ठेवले होते. जुन्या मंडळींना आठवत असेल. अरुंद रस्त्यावर दुसरी एक दिंडी आपल्या पुढं शिरली होती. आमचं रक्त तापलं होतं. तिथंच जाब विचारायचा, असं काही तरुणांनी ठरवलं. त्या तरुणांत मीही होतो. तेव्हाच्या विणेकरीबाबांनी वीणा छातीशी धरून आमच्याकडे नुसतं बघितलं आणि चालत राहिले. रात्री समाज आरतीला सगळं रान गप्प, आणि आपलेच टाळ वाजतायत. चोपदार आले. ऐकलं. दुसऱ्या दिंडीचंही ऐकलं. निघालं असं की चहाला आम्हीच जास्त वेळ रेंगाळलो होतो, जागा मोकळी बघून ती माणसं सरकली होती. निम्मा दोष आमचा. विणेकरीबाबांना हे आधीच ठाऊक होतं, पण आमच्यादेखत त्यांनी आमची बाजू टाकली नाही आणि परक्यादेखत आमचा खोटेपणाही झाकला नाही. निवाडा सोहळ्यावर सोडला. त्या दिवशी मला हैबतबाबा पहिल्यांदा कळले असं म्हटलं तरी चालेल.

पुढं एक वेळ अशीही आली की भिशीच्या हिशेबावरून दिंडी फुटायची पाळी आली. कुणी पैसे खाल्ले नव्हते. पण हिशेब एकाच्याच वहीत, वही एकाच्याच पेटीत, आणि विचारलं की राग. राग आला की संशय, संशय आला की गट. दोन वर्षं माणसं एका पंगतीत बसून एकमेकांकडे बघत नव्हती. ती वही माझ्याकडेच होती, हे आज या पुस्तकात लिहून टाकतो. शेवटी एका म्हाताऱ्या टाळकऱ्यानं मला बाजूला घेतलं आणि हैबतबाबांनी काम कसं वाटलं, त्याची आठवण करून दिली. मी वही तरुणांच्या हाती दिली. तेव्हापासून द्वादशीला पारणं झालं की सगळ्यांसमोर हिशेब वाचतात, पैशापैशाचा. वही हातची सुटली तेव्हा मला आधी फार वाईट वाटलं. नंतर रात्री झोप लागायला लागली.

बाबांकडे परत येतो. सोहळा उभा राहिला, दरसाल वाढत गेला. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान, पुढं पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरेचं स्नान, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि पंढरी. हे मुक्काम आपल्याला घरच्या ओसरीसारखे झालेत. प्रत्येक मुक्कामाच्या गावानं आपापली सेवा धरून ठेवली आहे. कुणाची भाकरी, कुणाचं पिठलं, कुणाचं पाणी. ती गावंसुद्धा बाबांच्या वाटून दिलेल्या कामातच आली. 2020 साली रोगाच्या साथीमुळं वाटेवर कुणी चालू शकलं नाही, माउलींच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. आपण घरीच टाळ वाजवले. सोहळा मोडेल अशी भीती काहींना वाटली होती. पुढं वाट मोकळी झाली तेव्हा प्रत्येक जण आपापल्या जागी हजर होता.

बाबांनी देह ठेवला तो आळंदीतच. त्यांची समाधी कुठं असावी? एवढा सोहळा उभा केलेल्या माणसाला मंदिराच्या आवारात छत्री बांधली असती तरी कुणी नको म्हटलं नसतं. पण त्यांची जागा महाद्वारातल्या पायरीशी आहे. पंढरीला नामदेवरायांनी महाद्वाराची पायरी मागून घेतली, तसंच बाबांनी आळंदीला केलं. माउलींच्या दर्शनाला जाणाऱ्या प्रत्येक वारकऱ्याच्या पायाची धूळ तिथं पडते. कार्तिक वद्य अष्टमीला आळंदीची यात्रा सुरू होते ती हैबतबाबांच्या पायरीच्या पूजनानं. आधी पायरीची पूजा, मग यात्रा. आणि आषाढी वारीच्या प्रस्थानाच्या वेळी त्यांच्या वतीनं आरती होते, मग पालखी हलते.

शंभर वर्षांच्या या टप्प्यावर आपल्या दिंडीत नवी पोरं आलीत. शिकलेली आहेत, मोबाईलवर हिशेब ठेवतात, राहुट्यांची जागा आधी जाऊन बघून येतात, टँकर लावतात. जुन्यांना कधी वाटतं, यांच्या हाती सगळं कसं द्यायचं? मला विचाराल तर उत्तर महाद्वारात आहे. द्यायचं, आणि दिल्यावर मागं उभं राहायचं. चुकली तर समाज आरतीला टाळ वाजवायचे, पण वाटेत हात धरून ओढायचं नाही. पोरांनीही ध्यानात ठेवावं की ज्याच्या हाती काम आलं, त्याच्या अंगावर सगळ्यांच्या पायाची धूळ पडणार. ती झटकायची नाही.

पुढच्या कार्तिकीला आळंदीला जाल तेव्हा महाद्वारात क्षणभर थांबा. गर्दी ढकलेल, मागचा माणूस घाई करेल. तरी खाली वाका आणि त्या पायरीला हात लावा. आपल्या दिंडीचा शंभर वर्षांचा हिशेब तिथंच जमा आहे.

श्रीगुरू हैबतबाबांच्या चरणी दंडवत. सर्व वारकरी माउलींना दंडवत.

॥ राम कृष्ण हरि ॥